चोवीस जणींची मात्रा

दुपारचे दोन वाजले की तासगावच्या पुढच्या त्या बेदाणा शेडमध्ये एकदम चिडीचूप व्हायचं. एरवी तिथं काय गलका असतो ते विचारू नका. चोवीस बायका रांगेनं बसलेल्या, समोर बेदाण्याचे ढीग, हात काड्या मोडतायत आणि तोंडं गावाची उणीदुणी काढतायत. अशा चोवीस जणी एकाच वेळी गप्प बसल्या तर कुणालाही वाटेल, काहीतरी आक्रीत घडलं. पहिल्या दिवशी शेडचे मालक धावतच आले होते. बघतात तर प्रत्येकीच्या तोंडात एकेक मऊ, पारदर्शक साचा, ओठ पुढं आलेले, आणि हात मात्र नेहमीसारखे चालू. "हे बरंय की," मालक म्हणाले, "दिवसभर ठेवा तोंडात." त्यावर चोवीस जणींनी असे डोळे वटारले की ते आल्या पावली परत गेले.

साचा वीस मिनिटं तोंडात ठेवायचा असा नियम होता. त्याच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक टोकं होती, त्यांतून औषधाचा लेप हिरडीत उतरून खाली हाडापर्यंत पोचायचा. दुधाचे दात पडतात आणि मग कायमचे येतात, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यांच्याही खाली एक तिसरी फळी असते. तिचे अंकुर जबड्यात जन्मभर झोपून राहतात, कारण शरीरातलंच एक प्रथिन त्यांना उठू देत नाही. हे औषध त्या प्रथिनाला बाजूला सारायचं. मग अंकुर जागा व्हायचा आणि दात उगवायचा. कवळी नव्हे, हाडात खिळा ठोकून बसवलेला नव्हे, तर आपलाच, मुळासकट, गार पाणी लागलं की कळवळणारा दात.

प्राण्यांवर जमलं होतं, थोड्या माणसांवरही जमलं होतं. आता पाच केंद्रांवर शेकडो माणसांच्या तोंडात ते नीट पारखून घ्यायचं होतं. त्यातलं एक केंद्र म्हणजे ही शेड, आणि तिची जबाबदारी सांगलीच्या एका दंतमहाविद्यालयातल्या डॉ. शुभदा आरवाडे यांच्यावर. शुभदा चाळिशीची, बारीक, कामाला कडक. सही करायच्या आधी कागद तीनदा वाचायची. दर मंगळवारी ती गाडीतून चित्रकांडी घेऊन यायची. पेनाएवढी ती कांडी तोंडातून फिरवली की हिरडीच्या आतलं सगळं पडद्यावर दिसायचं, अंकुर किती मिलीमीटर वर सरकला इथपर्यंत.

सगळ्या बायकांची म्होरकी सुंदराक्का कोळेकर. वय अठ्ठावन्न, आवाज खणखणीत, मागचे पाच दात गायब. संमतीच्या कागदावर अंगठे-सह्या घ्यायच्या दिवशी तिनंच शुभदाला उभं-आडवं धरलं होतं.

"निम्म्या जणींना खरं औषध मिळेल," शुभदा समजावत होती, "आणि निम्म्या जणींना कोरा लेप. दिसायला, वासाला अगदी तसाच, पण आत औषध नाही. मगच दोन्ही गटांत फरक बघता येतो. कुणाला काय मिळालंय ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही."

"मग म्हाईत कुणाला?"

"संगणकाला."

"त्याला तरी दात हायत का?" सुंदराक्का म्हणाली, आणि शेड हसून लोळायची बाकी राहिली. शुभदाही हसली. मग तिनं दोन अटी घातल्या. एक, मशेरी बंद. दुसरी, साच्यात भरायच्या लेपाची आपली आठवड्याची ट्यूब आपणच वापरायची, दुसऱ्याला द्यायची नाही. पहिल्या अटीवर बराच वेळ हळहळ चालली. दुसरीवर कुणी काही बोललं नाही, आणि तिथंच शुभदाची चूक झाली. गप्प बसलेल्या बायकांना विचारायचं असतं, गप्प का बसलात म्हणून.

पाच महिने झाले. पाचही केंद्रांच्या बैठकीत नावं झाकून आलेख मांडले गेले. बाकीच्या चार ठिकाणी माणसांचे सरळ दोन गट पडलेले दिसत होते. एका गटाचे दात झपाट्यानं वर येत होते, दुसऱ्या गटाचे अंकुर ढिम्म हलले नव्हते. पण पहिल्या गटात एक वाईट गोष्टही होती. शंभरातल्या सात-आठ जणांना टाळूत भलताच दात फुटला होता, आणि जबडा सुजून ते बेजार झाले होते.

शुभदाच्या शेडमध्ये मात्र गटच पडले नव्हते. चोवीसच्या चोवीस जणी मधोमध. सगळ्यांचे दात उगवत होते, पण सावकाश. आणि टाळूत दात एकीलाही नाही! आकडे तपासणाऱ्या 'पारख' नावाच्या संगणकानं शेरा मारला, 'चित्रकांडीत बिघाड असावा.' शुभदानं नवी कांडी मागवली. तेच आकडे. मग तिनं तिसरी आणली. तेच! आता कांडीला दोष देणं म्हणजे आरशाला दोष देण्यासारखं होतं.

मग ती मंगळवार नसताना गेली. शुक्रवारी, सकाळी दहाला, न कळवता.

शेडच्या मागच्या पडवीत बायकांचं कोंडाळं होतं. मध्ये स्टीलचं मोठं पातेलं. सुंदराक्का लाकडी डावानं त्यात काहीतरी घोटत होती. शेजारी चोवीस रिकाम्या ट्यूबा ओळीनं मांडल्या होत्या, आणि बेदाण्याची नमुना-पाकिटं मोजायचा छोटा वजनकाटा. सुंदराक्काच्या बाजूला शेवंता सलगरे बसली होती. सुंदराक्का आणि शेवंता गेली तीस वर्षं शेजारी बसून बेदाणा निवडत आल्या होत्या. शेवंताचे पुढचे चार दात चाळिशीतच गेले होते, आणि तेव्हापासून ती कुणासमोर हसली नव्हती. हसू आलंच तर पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड करायची. आत्ता ती जाड पिचकारीनं ट्यूबा भरत होती, एक भरली की काट्यावर ठेवत होती.

शुभदाच्या डोक्यात तिडीक गेली.

"हे काय चाललंय?"

डाव पातेल्यातच राहिला. शेवटी सुंदराक्कानंच तोंड उघडलं.

"बसा बाई. उनाचं आलाय, पाणी प्या आधी."

"पाणी नको मला. हे केव्हापासून चालू आहे?"

"तिसऱ्या आठवड्यापास्नं," सुंदराक्का म्हणाली. खोटं कशाला बोला, असा तिचा चेहरा होता. "माझी ट्यूब लावली की हिरडीला बारीक चुणचुण लागायची. मी शेवंतीला इचारलं, तुला लागती का गं? ती म्हणाली, न्हाई. मग एकमेकींच्या ट्यूबा बोटावर घिऊन बघितल्या. बारा जणींच्या चुणचुणत होत्या, बारा जणींच्या फिक्क्या."

औषध बनवणाऱ्या कंपनीनं कोऱ्या लेपाचा रंग जुळवला होता, वास जुळवला होता, दाटपणा जुळवला होता. शहरातल्या पन्नास माणसांना चाखायला देऊन खात्रीही केली होती. पण तीस-तीस वर्षं मशेरी घासलेल्या हिरड्यांची पारख कुणी हिशेबात धरली नव्हती. तंबाखू कडक आहे की हलका, हे नुसत्या बोटाच्या टोकावरून सांगणाऱ्या बायका त्या!

"मग आमी काय करायचं?" सुंदराक्का पुढं म्हणाली. "दोन बागांचा माल येगयेगळा निघाला की आमी ताडपत्रीवर पसरतो, खालीवर करतो, सगळा लॉट एकसारखा करतो. येका पेटीत चांगला आन् येका पेटीत वाईट, असं कधी केलं न्हाई. ह्येचंबी तसंच केलं. उकळल्या पाण्यानं पातेलं धुतो, हात धुतो. ग्रॅमला ग्रॅम भरतो. येकीला जास्त न्हाई, येकीला कमी न्हाई."

"मी सांगितलं होतं, आपलं औषध दुसऱ्याला द्यायचं नाही म्हणून."

सुंदराक्का खरोखरच गोंधळली. "पर बाई, शेवंती दुसरी कधी झाली?"

शुभदाचा राग विरघळला नाही, पण त्याला धरून ठेवायला जागा उरली नाही. तिनं शांतपणे सगळं सांगितलं. आता कुणाच्या तोंडात किती औषध गेलं त्याची नोंद खोटी ठरली. केंद्राचे आकडे बाद. नियम असा की असं काही झालं तर केंद्र त्याच दिवशी बंद आणि औषधही बंद.

"औषध बंद?" शेवंता पहिल्यांदाच बोलली. तिनं हळूच वरचा ओठ बोटानं उचलला. गुलाबी हिरडीतून तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं टोक बाहेर आलं होतं. "मग ह्यो आता हितंच थांबायचा?"

शुभदाला खोटं बोलता येईना. "अजून त्याचं मूळ तयार झालेलं नाही. आणखी तीन महिने औषध हवं. मध्येच थांबलं, तर तो हलायला लागेल आणि बहुतेक पडेल."

शेवंतानं ओठ खाली सोडला. "परवा नातीनं बघितला," ती म्हणाली. "म्हणाली, आजी, तुला माझ्यासारखा नवा दात आला. तिचाबी पडलाय न्हवं पुढचा. रोज दोघी मिळून आरशात बघतो, कुणाचा आधी येतोय."

सांगलीला परतल्यावर शुभदा आपल्या खोलीत टेबलापाशी बसून राहिली. समोर अहवालाचा कोरा फॉर्म. गप्प राहणं अगदी सोपं होतं. 'पारख'नं बिघाडाची पळवाट आधीच दाखवली होती. तीन कांड्या बदलल्या हे लिहायचं, पातेल्याचं नाव काढायचं नाही. तीन महिन्यांत शेवंताचा दात पुरता येईल, आणि शेडमध्ये पेढे वाटले जातील.

पण बारा वर्षांपूर्वी ती नवखी असताना अशाच एका अहवालावर तिची सही होती. हाडात बसवायचा एक नवा खिळा होता, सगळे त्याच्यावर खूश होते. दोन रुग्णांच्या दुखण्याची नोंद 'किरकोळ' म्हणून टाकायला वरिष्ठांनी सांगितलं, आणि तिनं टाकली. पुढं तो खिळा हजारोंच्या तोंडात बसला. जबड्याचं हाड सडलेल्या एका शिक्षिकेला तिनं स्वतः तपासलं होतं. त्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "तुमचा काय दोष, तुम्ही डॉक्टरांनी तर कागद बघूनच खिळा बसवला असेल." हे वाक्य शुभदाला अजून झोपू देत नव्हतं. आणि इथं तर उलटं होतं. खरं लिहिलं तरच जगाला कळणार होतं की अर्ध्या मात्रेत दात येतो आणि टाळू शाबूत राहते. खोटं लिहिलं, तर पुरी मात्रा मंजूर होणार आणि शंभरातल्या सात-आठ जणांचे जबडे सुजणार. पण खरं लिहिलं की शेवंताचा दात जाणार. तिला रडू आलं. पाचेक मिनिटं दार लावून ती रडली, मग नाक पुसून तिनं पहिलं वाक्य लिहिलं, "दर शुक्रवारी सर्व ट्यूबा एका पातेल्यात एकत्र केल्या जात होत्या."

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली आणि लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. एकही शब्द वगळला नाही.

"आमचं नाव घातलंय त्यात?" कुणीतरी विचारलं.

"हो. आणि माझंही. लक्ष ठेवायचं काम माझं होतं."

सुंदराक्कानं हातातल्या बेदाण्याची काडी मोडली. मग म्हणाली, "केलंय तर सांगूया की. लपवायला काय चोरी केलीया? पर बाई, त्या साहेबलोकांस्नी आमीच सांगणार. तुमी मध्ये घोटाळा कराल."

चौथ्या दिवशी, सकाळी अकराला, नीतिसमितीची बैठक भरली. कुठल्याही चाचणीत माणसांवर अन्याय होत नाही ना, हे पाहणारी ही समिती. पाच सदस्य पडद्यावर, आणि या बाजूला ताडपत्रीवर चोवीस जणी. अध्यक्ष डॉ. ठकार सत्तरीचे, औषधशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आवाज कोरडा, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही असे.

सुंदराक्कानं सगळं सांगितलं. डाव किती वेळ फिरवायचा, ट्यूब किती ग्रॅमची, पिचकारी कशी धुवायची. ठकारांनी मध्येच विचारलं, "वजनात फरक पडायचा?"

"अर्ध्या ग्रॅमाचा पडला तर परत पातेल्यात वतायची."

ठकारांच्या भुवया किंचित वर गेल्या. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांचे विद्यार्थीसुद्धा इतकं नीट करत नसावेत. पण आवाज तोच राहिला. "डॉ. आरवाडे, अर्ध्या मात्रेबद्दल तुम्ही लिहिलंय ते महत्त्वाचं असेल. पण पातेल्यात घोटलेल्या आकड्यांवर औषधं ठरत नाहीत. केंद्र बंद करावं लागेल."

"मान्य आहे, सर," शुभदा म्हणाली. "पण यांचे दात अर्ध्यावर आहेत."

"त्यासाठी एक कलम आहे. ज्यांचं औषध चालू होतं, त्यांचं मध्येच तोडता येत नाही. गुप्त यादी उघडू. संगणकानं ज्या बारा जणींना खरं औषध नेमलं होतं, त्यांना उरलेले तीन महिने ते मिळेल. कोऱ्या लेपवाल्यांना ते मिळतच नव्हतं, त्यामुळे त्यांचं तुटण्याचा प्रश्न नाही."

यादी उघडली. एकेक नाव वाचलं गेलं. सुंदरा कोळेकर, औषध. शेवंता सलगरे, कोरा लेप. नावं वाचून संपली तेव्हा शेडमध्ये कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

"एकच अट," ठकार म्हणाले. "प्रत्येक जण फक्त आपलीच ट्यूब वापरेल, याची हमी डॉ. आरवाडे यांनी सहीनिशी द्यावी."

शुभदानं सुंदराक्काकडं पाहिलं. सुंदराक्का छताकडं बघत होती. लहान मुलालाही कळावं, असं तिचं ते बघणं होतं.

"सर, ही सही मी करू शकत नाही," शुभदा म्हणाली. "या वाटून घेणार. मी गेल्यावर नाही, माझ्यासमोर घेतील. मला हे माहीत आहे, मग 'असं होणार नाही' हे मी कसं लिहू?"

"मग बाराजणींचंही थांबेल. ते तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार. पण खोटं लिहिणार नाही."

सुंदराक्का उठून म्हणाली, "बाई, करा की सही! आमी बघतो काय करायचं ते," आणि दोघी-तिघींनी तिला हाताला धरून खाली बसवलं. एवढ्यात शेवंता उठली. ती कधी कुणापुढं बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी आपोआप वाट दिली. ती पडद्याच्या वर बसवलेल्या कॅमेऱ्यापाशी गेली, अगदी नाक टेकेल इतकी जवळ.

"साहेब, मी सलगऱ्याची शेवंता. तुमच्या यादीत मला औषध मिळालंच न्हाई."

"यादीप्रमाणे नाही, बाई," ठकार म्हणाले. ते पहिल्यांदाच जरा नमतं घेऊन बोलल्यासारखे वाटले. "नियमापुढं आमचाही इलाज नसतो."

"न्हवं, मी भांडत न्हाई. तुमचा कागद खरा असंल. मला शाळा न्हाई, म्हणून इचारती." तिनं दोन बोटांनी ओठ वर उचलला. पाचही सदस्यांच्या पडद्यांवर दुसरं काही उरलं नाही. गुलाबी हिरडी, आणि तिच्यातून वर येणारं पांढरं टोक, शुक्रवारपेक्षा थोडं अधिक वर आलेलं. ओठ तसाच धरून, बोबड्या उच्चारात, तिनं विचारलं, "मला औषध न्हवतंच, तर मग ह्यो दात कुणाचा?"

जन्मभर कागदांचाच अभ्यास केलेली पाच माणसं त्या एका दाताकडं बघत राहिली. एरवी मोठ्यानं हसणाऱ्या सुंदराक्काचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं भान तिला नव्हतं. शुभदानं शेवंताच्या पाठीवर हात ठेवला. शेवंताची ओठावरची बोटं हलली नाहीत.

डॉ. ठकारांनी समोरचा इतिवृत्ताचा कागद ओढला. 'फक्त बारा जणींना औषध' असं लिहिलेल्या ठरावावर त्यांनी आडवी रेघ मारली, आणि खाली मोकळ्या जागेत पेन टेकवलं.

"सावकाश सांगा बाई," ते म्हणाले, "लिहून घेतो. हा दात कुणाचा, असंच विचारलंत ना?"